पांझरेचे फड : टंचाई वाटून घेणारी शेती

साक्री तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावलेली पांझरा धुळे शहरातून वाहत जाऊन मुडावदजवळ तापीला मिळते. वाटेत तिच्या पात्रात जागोजागी जुने, बुटके बंधारे आडवे घातलेले दिसतात. मोठ्या धरणांच्या भिंती पाहिलेल्या माणसाला ते किरकोळ वाटतील. पण पाणी साठवणं हे त्यांचं कामच नव्हे. वाहत्या पाण्याची पातळी हातभर उचलायची आणि ते काठावरच्या पाटात वळवायचं, एवढंच बंधाऱ्यानं करायचं. पुढचं सगळं माणसांवर सोपवलेलं. ते त्यांनी ज्या रीतीनं निभावलं, तिचं नाव फड पद्धत.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर ही पद्धत रुजली. ती ३०० ते ४०० वर्षांपूर्वीची मानली जाते. रचना अगदी साधी आहे. बंधाऱ्यापासून निघणारा पाट २ ते १२ किलोमीटर लांब असतो. पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून सारंगा निघतात आणि सारंगांतून पाणी वाफ्यात उतरतं. वाढलेलं पाणी सांडव्यांवाटे पुन्हा नदीकडे जातं. पंप नाही, इंजिन नाही. जमिनीचा उतार ओळखून काढलेल्या वाटेनं पाणी आपल्या पायांनी चालतं.

पाटाखालची कायम बागायत जमीन साधारण चार फडांत विभागलेली असते. एकेक फड लहान असेल तर १० हेक्टरांचा, मोठा असेल तर २०० हेक्टरांपर्यंतचा. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी एखादं हंगामी पीक, आणि चौथा पाण्याच्या मानानं. पुढल्या वर्षी पिकांची अदलाबदल. अख्ख्या फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याची पाळी एका वेळी पुरी होते आणि राखण सोपी जाते. एकाच्या उसाचं पाणी झिरपून शेजाऱ्याचा हरभरा जळत नाही. पिकं फिरत राहिल्यानं जमिनीलाही विसावा मिळतो. ती चिबड होत नाही, खारावत नाही.

पण या पद्धतीचा खरा जीव आणखी एका गोष्टीत आहे. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात एकवटलेली नसे. सगळ्या फडांत तिचे तुकडे विखुरलेले असत. आजच्या हिशेबी नजरेला ही गैरसोय वाटेल. पाऊस कमी झाला, नदीची धार बारीक झाली, की गाव बसून ठरवायचं : यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा? जो फड सुटेल, त्यात प्रत्येकाचा तुकडा असायचा. जे फड भिजतील, त्यांतही प्रत्येकाचा असायचा. म्हणून तोटा कुणा एकाच्या माथी येत नसे. पाणी वाटून घेणाऱ्या व्यवस्था जगात पुष्कळ आहेत. इथल्या शेतकऱ्यांनी टंचाईची वाटणी जमिनीच्या आखणीतच करून ठेवली. ही गोष्ट मला कुठल्याही भिंतीपेक्षा मोठी वाटते.

निर्णय पंच घेत आणि अंमल नेमलेली माणसं करत. पाटकरी पाटाचं पाणी सांभाळी, जागल्या पिकाला बारे देई आणि राखण करी, हवालदार त्यांच्यावर देखरेख ठेवी. शेताच्या मालकानं स्वतः दारं मोडायला, म्हणजे पाणी वाफ्यात वळवायला, जायचं नाही, हा यातला महत्त्वाचा नियम. पाणी देणारा हात मालकाचा नसला की बांधावरची भांडणं निम्म्यानं कमी होतात. पाटातला गाळ काढायचा, तर ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा.

पांझरेच्या खोऱ्याशी एका मोठ्या अभियंत्याचंही नातं आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं दातर्ती इथे पांझरेवर नळाची वक्रनलिका (सायफन) घालण्याचं. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी गटवार, पिकं फिरवून पाणी देण्याची ‘ब्लॉक पद्धत’ आणली. तिचं आणि फडाचं साम्य सहज डोळ्यांत भरतं.

मग फड मोडत का गेले? वरच्या अंगाला मालनगाव, लाटीपाडा, अक्कलपाडा अशी धरणं झाली आणि नदीच्या धारेऐवजी सुटणाऱ्या आवर्तनाची वाट पाहणं नशिबी आलं. वाटण्यांत जमिनीचे तुकडे आणखी लहान झाले. पण आतून पोखरलं ते विहिरीनं आणि विजेच्या पंपानं. ज्याच्या शेतात स्वतःचं पाणी आलं, त्याला पंचांची गरज उरली नाही. गरज संपली की गाळ काढायला येणारा हातही कमी होतो.

फडाचं गुणगान करताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. इथे पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. पाटाच्या वरच्या अंगाचा कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन मजूर यांना त्यात जागा नव्हती. हे कोडं हाती घेतलं ते पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी. १९७२च्या दुष्काळानंतर नायगावपासून सुरू झालेल्या त्यांच्या पाणी पंचायतीनं पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि उसाला मनाई केली. फडाची शिस्त आणि पंचायतीचा न्याय एकत्र आले, तरच पाण्याचं व्यवस्थापन पुरं होईल, असं मला मनापासून वाटतं.

२००५ साली राज्यानं सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला आणि पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाडच्या शेतकऱ्यांनी धरणाचा कारभार आपल्या संस्थांमार्फत हाती घेऊन दाखवला. तिथे जमलं ते सगळीकडे का जमत नाही, याचं उत्तर कायद्याच्या कलमांत सापडणार नाही.

मराठीत ऊसतोडीचा फड असतो, तमाशाचा असतो, कुस्तीचाही असतो. एकट्याचा फड होत नाही. आज गावोगाव जो तो स्वतःची कूपनलिका खोल नेतो आहे, आणि ज्याचा पैसा संपतो त्याचं पाणी आधी संपतं. कोरडा फड आजही असतोच. फक्त तो कुणाचा असावा, हे आता कुणी बसून ठरवत नाही. पांझरेकाठची माणसं पेरणीआधी एकत्र बसून ठरवत असत. आपल्याला पुन्हा शिकायचं आहे, ते हे बसणं.