दोन राष्ट्रांची शिल्लक

नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसचें नांव निघालें म्हणजे प्रथम टपालाचीं तिकिटें आठवतात. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रेंहि याच छापखान्यांत छापलीं जात. २०१६ सालीं तीं कागदी रूपांत देणें बंद झालें. घरोघर जपून ठेवलेलीं हीं प्रमाणपत्रें म्हणजे राष्ट्राच्या शिलकेचाच एक लहानसा अंश. ती एकंदर शिल्लक किती, आणि दुसऱ्या एखाद्या राष्ट्राच्या मानानें ती कशी चढली-उतरली, हें पाहणें बोधप्रद आहे. तुलनेस जपान घेऊं. कारण टपाल कचेरींत पैसे ठेवण्याची सोय तेथें १८७५ सालीं व आपल्याकडे १८८२ सालीं, म्हणजे जवळजवळ एकाच काळीं झाली.

देशाच्या उत्पन्नांतून कुटुंबांचा व सरकारचा चालू खर्च वजा जातां जें उरतें, ती राष्ट्राची स्थूल बचत. कंपन्यांनीं न वांटतां राखून ठेवलेला नफाहि तींत येतो. १९७० च्या सुमारास जपान उत्पन्नाच्या शेंकडा ४० च्या आसपास शिल्लक टाकीत होता. आपण शेंकडा १५ च्या आसपास होतों. पुढें पारडें फिरलें. २००७-०८ मध्यें आपला आंकडा शेंकडा ३६ च्या वर गेला, तर जपानचा तिशीच्या आसपास उतरला होता. त्यानंतर आपलीहि बचत घटून २०२२-२३ मध्यें शेंकडा ३० च्या सुमारास आली.

जपानी माणूस उधळा झाला काय? तसें नव्हे. ज्या एकत्र कुटुंबांत मिळवते हात पुष्कळ, तेथें पेटी भरते. तेच हात थकले म्हणजे पेटी उघडावी लागते, आणि त्यासाठींच ती भरलेली असते. १९७० सालीं जपानांत ६५ वर्षांवरील माणसें शेंकडा सात होतीं. आतां तीं शेंकडा २९ आहेत. १९७५ च्या सुमारास तेथील कुटुंबें उत्पन्नाचा पांचवा हिस्सा व अधिकहि मागें टाकीत. २०१४ च्या सुमारास हें प्रमाण शून्याजवळ आलें. तरीहि राष्ट्राचा एकंदर आंकडा बराच राहिला, तो मुख्यत्वें कंपन्यांच्या शिलकेमुळें. शिवाय स्थूल बचतींतून यंत्रें, इमारती व रस्ते यांची झीज वजा केलेली नसते. जुन्या वाड्याच्या डागडुजीस लागणारा पैसा शिल्लक म्हणून मोजावा, तसाच हा प्रकार.

आपल्या देशांत ६५ वर्षांवरील माणसें आज सुमारें शेंकडा सात, म्हणजे १९७० च्या जपानांत होतीं तितकींच आहेत. पेटी भरण्याचा काळ तो हाच. परंतु कर्ज वजा जातां कुटुंबांची पैशाच्या रूपांतील बचत २०२२-२३ मध्यें राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा पांचाजवळ उतरली. कांहीं कर्ज घरासाठीं असतें व घर बांधणें ही बचतच होय. पण चैनीच्या वस्तूंसाठीं काढलेलें कर्ज उद्यांची शिल्लक आजच खातें. ज्यांची मिळकत पोटापुरतीच आहे, त्यांस काटकसरीचा उपदेश करणें व्यर्थ होय. ज्यांच्या हातीं महिनाअखेर कांहीं उरतें, त्यांनीं मात्र आपल्या जमाखर्चाच्या वहींत म्हातारपणाच्या तरतुदीचें एक पान आजच घालावें.