पक्ष आतून पाहताना (भाग 6) : कार्यकारिणी नेमकी कोणाची?

मागच्या भागात आपण बूथ समितीपासून जिल्हाध्यक्षापर्यंत आलो. आता पक्षाच्या सर्वांत वरच्या समितीकडे वळू. काँग्रेसमध्ये तिला कार्यसमिती म्हणतात, भाजपमध्ये राष्ट्रीय कार्यकारिणी. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात पक्षाच्या नावाने बोलण्याचा, कोणाला काढण्याचा, कोणाशी युती करण्याचा अधिकार अशा समितीकडे असतो.

काँग्रेसची कार्यसमिती आपल्या भंडाऱ्याच्या शेजारीच जन्मली. डिसेंबर 1920 च्या नागपूर अधिवेशनात गांधीजींच्या पुढाकाराने पक्षाची नवी घटना मंजूर झाली आणि त्यातून कार्यसमिती आली. त्याच घटनेने भाषावार प्रांतिक समित्या केल्या आणि भंडारा मराठी मध्यप्रांतात गेला.

समिती आली, पण तिच्यात बसणार कोण? बराच काळ काँग्रेसच्या घटनेत काही जागा निवडणुकीने आणि बाकीच्या अध्यक्षांच्या नेमणुकीने भरायची तरतूद होती. प्रत्यक्षात निवडणूक क्वचितच झाली. 1992 मध्ये तिरुपतीला झाली, तेव्हा एकही स्त्री किंवा दलित निवडून आला नाही. हे कारण पुढे करून पक्षाध्यक्ष नरसिंह रावांनी निवडून आलेल्यांचे राजीनामे घेतले. 1997 मध्ये कोलकात्याला पुन्हा मतदान झालं. 2023 च्या रायपूर अधिवेशनात मात्र सगळ्या सदस्यांच्या नेमणुकीचा अधिकार अध्यक्षांना दिला गेला. तिरुपतीची उणीव खरी होती, पण तिच्यावरचा उपाय राखीव जागा ठेवून मतदान घेणं हा होता. मतदानच थांबवणं हा उपाय नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

नेमलेल्या समितीचा धोका काय, हे भंडारा-गोंदियाच्या मतदारांनी जवळून पाहिलं आहे. राष्ट्रवादी काँग्रेसचा जन्मच कार्यसमितीच्या एका निर्णयातून झाला. मे 1999 मध्ये सोनिया गांधींच्या परदेशी मुळाचा प्रश्न उपस्थित केल्याबद्दल शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांची काँग्रेसने हकालपट्टी केली आणि 10 जूनला नवा पक्ष उभा राहिला. प्रफुल्ल पटेल त्यात पहिल्यापासून होते. 1991, 1996, 1998 आणि 2009 मध्ये आपल्या भागातून लोकसभेवर गेलेले पटेल 10 जून 2023 रोजी पक्षाचे कार्याध्यक्ष झाले. ही नेमणूक पवारांनीच केली होती.

नंतर काही दिवसांतच पक्ष दोन गटांत फुटला. 2 जुलैला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. 30 जूनलाच त्यांची पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षपदी निवड झाली होती, असा दावा त्यांच्या गटाने केला. 6 जुलैला दिल्लीत शरद पवारांनी घेतलेल्या कार्यसमितीच्या बैठकीत पटेल, सुनील तटकरे आणि नऊ आमदारांच्या हकालपट्टीवर शिक्कामोर्तब झालं. दुसऱ्या गटाने ही बैठकच बेकायदा ठरवली. खरा पक्ष कोणता, हा प्रश्न निवडणूक आयोगाकडे गेला.

अशा वेळी आयोग 1968 च्या चिन्हविषयक आदेशाचा परिच्छेद 15 लावतो. संघटनेत बहुमत कोणाचं आणि विधिमंडळांत कोणाचं, हे तपासण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 1971 च्या सादिक अली खटल्यात मान्य केली आहे. राष्ट्रवादीच्या बाबतीत संघटनेच्या कसोटीचा उपयोगच झाला नाही. पदाधिकारी रीतसर निवडून आल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याच गटाकडे नव्हता. उरले फक्त आमदार-खासदार. अजित पवारांकडे 57 जणांची प्रतिज्ञापत्रं होती, शरद पवारांकडे 28. 6 फेब्रुवारी 2024 रोजी पक्षाचं नाव आणि घड्याळ हे चिन्ह अजित पवारांकडे गेलं.

तुमसर, पवनी, लाखांदूरमध्ये वर्षानुवर्षं झेंडा धरणाऱ्या कार्यकर्त्याचं मत या सगळ्या हिशेबात कुठेच मोजलं गेलं नाही. मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच. त्याने कोणाला निवडलं याची नोंद असती, तर आयोगाला ती पाहावी लागली असती. हा दोष एकट्या राष्ट्रवादीचा नाही. आपल्या साकोलीचे नाना पटोले 2021 मध्ये काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले, तेही दिल्लीच्या नेमणुकीनेच.

तुम्ही कोणत्याही पक्षाचे सदस्य असाल, तर पुढच्या बैठकीत तालुकाध्यक्षाला एवढंच विचारा : तुम्हाला कोणी निवडलं आणि त्या मतदानाची नोंद कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.