पिकअप गाडीचा एअर फिल्टर : कोणता बदल करावा, कोणता टाळावा

बेळगावच्या बाजारातून भाजीपाला भरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या पिकअप गाड्यांची ये-जा बारमाही चालू असते. त्यांपैकी कित्येक गाड्या बँकेच्या कर्जावर घेतलेल्या असतात व त्यांच्या चाकांवर एखाददुसरे कुटुंब उभे असते. अशा गाडीच्या मालकाला अलीकडे गॅरेजात किंवा सुट्या भागांच्या दुकानात एक सल्ला हमखास मिळतो. गाडीबरोबर आलेला कागदी एअर फिल्टर काढून टाकावा, त्याजागी तेलात भिजवलेल्या कापडी जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर बसवावा व हवेची नळीही मोठी करावी; म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेईल, ओढ वाढेल आणि डिझेल वाचेल, असा हा सल्ला असतो. तो मानण्यापूर्वी इंजिन हवा किती घेते, फिल्टर तिला किती अडवितो आणि फिल्टरमधून निसटलेली धूळ काय करते, या तीन गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहून पुष्कळ अधिक हवा आत घेते. अडीच लिटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालत असेल, तर टर्बोचा विचार न करताही ते मिनिटाला सुमारे २५०० लिटर हवा ओढते. टर्बो जोराने चालू असता हे प्रमाण दीडपट, प्रसंगी दुप्पटही होते. ही सर्व हवा घड्या घातलेल्या एका कागदातून जाते. घड्यांमुळे लहानशा पेटीत कागदाचे मोठे क्षेत्रफळ मावते, त्यामुळे हवेला वाट पुरेशी मिळते आणि धूळ मात्र अडून राहते.

आता अडथळ्याचा विचार करू. हवेच्या वाटेतील अडथळा पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजण्याची रीत आहे. शाळेतील प्रयोगशाळेत इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची काचेची नळी असते. तशीच पारदर्शक नळी रंगीत पाण्याने अर्धी भरून तिचे एक टोक फिल्टरनंतरच्या नळीस जोडले व दुसरे मोकळे ठेवले, की इंजिन चालू असता दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत पडणारा फरक हाच तो अडथळा होय. स्वच्छ कागदी फिल्टर, त्याची पेटी व नळी मिळून पूर्ण भारावर हा फरक साधारणतः १५ ते २५ सेंटिमीटर असतो. उलट वातावरणाचा दाब समुद्रसपाटीवर सुमारे १० मीटर, म्हणजे १००० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. याचा अर्थ असा, की फिल्टर व पेटी पार काढून फेकली तरी इंजिनाला मिळणारा लाभ दोन टक्क्यांच्या आसपासच असणार. कापडी फिल्टरने या अडथळ्यातील निम्मा भाग वाचविला असे धरले, तर लाभ एका टक्क्यावर येतो.

एक टक्का म्हणजे किती, हे घाटातील चालकांना निराळे सांगावयास नको. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. पणजीच्या मानाने तेथील हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर पाण्याइतका कमी असतो. हा फरक गाड्या रोज पार करतात, आणि टर्बो असलेल्या गाडीच्या चालकाला तो फारसा जाणवतही नाही, कारण हवा जितकी विरळ तितका टर्बो अधिक फिरून भरपाई करतो. ज्याला ९० सेंटिमीटरचा फरक कळत नाही, त्याला १० सेंटिमीटरची ओढ जाणवते असे म्हणणे, हा बहुधा खर्च केलेल्या पैशाचा परिणाम असावा.

यात आणखी एक मेख आहे. डिझेल इंजिनाची ताकद हवेने नव्हे, तर आत सोडलेल्या डिझेलच्या प्रमाणाने ठरते. हे प्रमाण कंपनीने ठरवून दिलेले असते. ते न वाढविता हवा थोडी जास्त दिली म्हणून ताकद आपोआप वाढत नाही. पेट्रोल गाड्यांविषयी अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुद्दाम चोंदविलेल्या फिल्टरने आधुनिक इंधन-अंतःक्षेपण गाड्यांचे मायलेज लक्षणीय घटले नाही, गाडीचा वेग घेण्याचा जोर मात्र कमी झाला, असे त्यात आढळले. चोंदलेल्या फिल्टरनेही जेथे इंधनाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही, तेथे स्वच्छ फिल्टरऐवजी अधिक मोकळा फिल्टर बसवून इंधन वाचण्याची अपेक्षा कशी धरावी? यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे फिल्टर चोंदला की हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते व काळा धूर निघतो. पण त्यावर उपाय वेळेवर नवा कागदी फिल्टर घालणे हाच आहे.

पेटी काढून बॉनेटखाली उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावण्याची टूम तर सरळ तोट्याची आहे. मूळ पेटीची नळी बहुधा बाहेरची थंड हवा घेते, उघडा फिल्टर इंजिनाभोवतीची तापलेली हवा घेतो. बाहेर ३० अंश व बॉनेटखाली ६० अंश तापमान असेल, तर हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. इंटरकूलर यातील काही भाग भरून काढतो, पण एका टक्क्यासाठी नऊ टक्क्यांची जोखीम पत्करण्यात शहाणपण नाही. अशा फिल्टरने इंजिनाचा घरघराट वाढतो व त्यालाच चालक ताकद समजतो. मूळ पेटी हा आवाज दाबण्याचेही काम करीत असते, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

लाभाची बाजू येथे संपते. धुळीची बाजू मात्र गंभीर आहे. जांभ्या दगडाच्या चिरेखाणी, खडीचे क्रशर, शेतातील कच्चे रस्ते व पुढच्या ट्रकमागे उठणारा लोट, यांतून पिकअप गाडी रोज जाते. या धुळीत गारेचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात व ते इंजिनाच्या लोखंडाहून कठीण असतात. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ त्या मानाने कमी घातक. पाच ते वीस मायक्रॉन आकाराचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याहूनही बारीक कण, पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर यांमधील तेलाच्या पापुद्र्यात शिरून कानशीसारखे काम करतात. तसेच टर्बोची पाती अतिवेगाने फिरत असल्यामुळे धुळीने त्यांच्या कडा झिजतात.

येथे टक्केवारी फसवी ठरते. धुळीच्या रस्त्यावर एका घनमीटर हवेत एक दशांश ग्रॅम धूळ आहे व इंजिन तासाला २०० घनमीटर हवा घेते असे धरू. म्हणजे तासाला २० ग्रॅम धूळ फिल्टरवर येते. फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवीत असेल तर ०.१ ग्रॅम आत जाते; ९७ टक्के अडवीत असेल तर ०.६ ग्रॅम. कागदावर अडीच टक्क्यांचा दिसणारा हा फरक इंजिनाच्या दृष्टीने सहापट आहे. शंभर तासांत पहिल्या गाडीच्या पोटात १० ग्रॅम, दुसरीच्या पोटात ६० ग्रॅम, म्हणजे लहानशी मूठभर, धूळ जाईल. चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवितो. कापडी फिल्टरची क्षमता त्यावरील तेलाच्या प्रमाणावर व देखभालीवर अवलंबून असते आणि बहुधा त्याहून कमी भरते. तेल कमी झाले तर धूळ निसटते. अधिक झाले तर हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरच्या तारेवर त्याचा थर बसून मापन चुकू लागते. नळीचा व्यास बदलल्यानेही हा सेन्सर चुकीची माहिती देऊ शकतो. इंजिनाचे काम काढून रिंगा-पिस्टन बदलण्याची पाळी आली, तर त्या खर्चात कित्येक वर्षांचे कागदी फिल्टर येतील.

मग सुधारणा करूच नये काय? करावी, परंतु अडथळा कमी करण्यासाठी नव्हे, तर धूळ अधिक अडविण्यासाठी. ज्याची गाडी बहुतेक दिवस क्रशरवर किंवा चिरेखाणीत जाते, त्याला पूर्वगाळणीचा उपयोग आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर छत्रीच्या आकाराचे जे टोपण दिसते, ते याच जातीचे. त्यात हवा वावटळीप्रमाणे गरगर फिरते, जड कण बाजूला फेकले जातात व मुख्य फिल्टरवरील ओझे हलके होते. अशी पूर्वगाळणी गाडीच्या इंजिनाच्या मापाची असावी व शक्यतो कंपनीच्या अधिकृत केंद्रातच बसवून घ्यावी. डांबरी रस्त्याने भाजी, दूध वा किराणा वाहणाऱ्या गाडीला तिची गरज नाही. त्या मालकाने फिल्टरच्या कडेचे रबर, पेटीच्या क्लिपा आणि टर्बोकडे जाणाऱ्या नळीचे पट्टे तपासून घ्यावेत. नळीला पडलेल्या एका चिरेतून शिरणारी धूळ कोणताही फिल्टर अडवू शकत नाही. परीक्षा सोपी आहे : फिल्टरनंतरच्या नळीत आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर तांबडी धूळ आली, तर कोठेतरी वाट आहे असे समजावे.

दर आठ दिवसांनी फिल्टर काढून पंक्चरच्या दुकानातील हवेने झोडपण्याची सवयही सोडावयास हवी. त्या दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. फिल्टर जमिनीवर आपटल्याने कडा वाकतात. शिवाय प्रत्येक वेळी पेटी उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूस सांडतेच. चालकांना पटणे कठीण असले, तरी थोडा मळलेला कागदी फिल्टर कोऱ्यापेक्षा धूळ अधिक चांगली अडवितो, कारण वर बसलेला थरच गाळणीचे काम करू लागतो. म्हणून फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरानुसार बदलावा, धुळीच्या रस्त्यांवर पुस्तिकेतील कमी केलेले अंतर पाळावे. गाडीत अडथळादर्शक असेल तर त्याचा इशारा प्रमाण मानावा.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर, सांगली व बेळगाव या जिल्ह्यांत अनेक रस्ते पाण्याखाली गेले होते. हवेच्या नळीचे तोंड खाली आणले, तर पाण्यातून जाताना इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही. वर सांगितलेल्या इंजिनाच्या एका सिलिंडरात, पिस्टन वर आला असता, सुमारे ४० मिलिलिटर जागा उरते. अर्धा कप चहाएवढे पाणी आत गेले तरी पिस्टन अडतो व कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये, ओढून बाहेर काढावी व मिस्त्रीला दाखवावी. टपापर्यंत नेलेली उंच नळी तोंडाचा बचाव करते, पण ब्रेक, विजेच्या तारा व गिअरपेटी यांना ती वाचवीत नाही. वाहत्या पाण्यात गाडी घालणाऱ्याला तर तिचा मुळीच आधार नाही.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच मापाचा दुसरा फिल्टर घातल्याने तसे होत नाही. मात्र बदलामुळे धूर वाढला तर प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र मिळण्यास अडचण येते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ मानकाच्या गाड्यांत हवा, इंधन व धूर यांचे नियंत्रण परस्परांत गुंतलेले असल्याने हा धोका अधिक आहे. हमीच्या मुदतीतील गाडीत असा बदल केल्यास त्यामुळे झालेल्या बिघाडाची भरपाई कंपनी नाकारू शकते. म्हणून ज्यांनी कापडी फिल्टर आधीच बसविला आहे, त्यांनी मूळ पेटी व नळी भंगारात देऊ नये. पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी ती परत बसवून घ्यावी व त्याच दिवशी पांढऱ्या फडक्याची परीक्षाही उरकून घ्यावी.