गांधीलमाशी, टेंभा आणि आपला विवेक

दिवाळीच्या आधीचा आठवडा हा व्यापारी घरांत झाडलोटीचा असतो. घरातले माळे उघडतात, दुकानाच्या पाट्या पुसल्या जातात, वर्षभर ज्या कोपऱ्याकडे कोणी पाहिले नाही त्यात केरसुणी पोहोचते. कोल्हापुरातील आमच्या गुळाच्या आडतीतही हा आठवडा असाच धावपळीचा असे. पाडव्याच्या मुहूर्ताला नव्या गुळाचे सौदे निघत आणि त्याआधी गोदाम स्वच्छ हवे, हा वडिलोपार्जित शिरस्ता होता.

त्या वर्षी गोदामाच्या पत्र्याखाली, लोखंडी कैचीला धरून, राखी रंगाचा एक मोठा गोळा लोंबताना दिसला. आकाराने पाण्याच्या घागरीएवढा, जणू ओल्या कागदाचे थर एकावर एक चढवून बनवलेला. आमच्याकडे वीस वर्षे काम करणारे हमाल खालूनच म्हणाले, "मालक, गांधील हाय, मोठी. आज नको, जाणता माणूस बोलवू." माझे थोरले चुलते उतावीळ झाले होते. "पाडवा दोन दिवसांवर आलाय. टेंभा लाव आणि उरकून टाक," एवढेच ते म्हणाले. काठीला गोणपाट गुंडाळले, त्यावर रॉकेल ओतले आणि शिडी लागली. पुढचे सगळे अर्ध्या मिनिटात घडले. टेंभा गोळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्यातून माश्यांचा लोट बाहेर पडला. माणूस शिडीवरून खाली आला तेव्हा त्याच्या मानेवर, पाठीवर आणि दंडांवर तिसाहून अधिक दंश होते. आम्ही चुना लावला, चहा पाजला आणि त्यांना घरी सोडले. दुसऱ्या दिवशी त्यांची लघवी काळपट झाली. मूत्रपिंडांवर ताण आल्याचे डॉक्टरांनी सांगितले. त्यांचा पाडवा रुग्णालयातच गेला. ते वाचले, मात्र पूर्वीसारखे ओझे उचलायला त्यांना तीन महिने लागले.

त्या संध्याकाळी आज्जींनी कोणाला दोष दिला नाही. पाणी गाळून पिणाऱ्या, दिवस मावळल्यावर अन्नाला न शिवणाऱ्या आज्जी एवढेच म्हणाल्या, "घरात मुंगी मरू नये म्हणून मी आयुष्यभर जपले. टेंभा त्याच्या हातात होता हे खरे. पण तो दिला कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी ही माशी ओळखायला हवी.

आपल्या आडोशाचे तीन शेजारी

डंख मारणाऱ्या प्रत्येक माशीला आपण सरसकट "गांधील" म्हणतो. घराच्या आसपास मात्र निदान तीन वेगळ्या प्रकारच्या माश्या राहतात आणि तिघींशी वागण्याची रीत वेगळी आहे.

पहिली कुंभारीण. बारीक कमरेची ही माशी एकटीच राहते. भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, कधी कपाटामागे ती चिखलाची घरे बांधते. काही जाती त्यांत कोळी भरतात, काही सुरवंट. डंखाने भक्ष्य मरत नाही, बधिर होते. त्यावर अंडे घालून घर लिंपून टाकले जाते आणि अंड्यातून निघालेली अळी त्या साठ्यावर वाढते. मराठी संतसाहित्यात वारंवार येणारा कीटक-भृंगीचा दृष्टांत याच दृश्यावर उभा आहे. आत कीटक गेला आणि बाहेर भृंगी आली, म्हणून ध्यासाने कीटकच भृंगी झाला, असे जुन्या लोकांना वाटले. दृष्टांताचे मोल अबाधित आहे. प्रत्यक्षात मात्र बाहेर येते ती त्या माशीचीच संतती. हातात धरल्याशिवाय कुंभारीण सहसा डसत नाही. तिच्या घराला गोल भोके पडलेली दिसली की पिल्ले उडून गेली असे समजावे आणि मगच ते खरवडावे. घर बंद असेल तर काही दिवस थांबावे.

दुसरी लहान गांधीलमाशी. पत्र्याच्या कडेला, सज्जाखाली, विजेच्या मीटरच्या पेटीत एका देठाला लोंबणारे तिचे उघडे पोळे आपण सर्वांनी पाहिले आहे. लाकडाचा व वनस्पतींचा तंतू चावून, त्यात लाळ मिसळून ती हा कागद तयार करते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या अशाच एका जातीचा अनेक दशके अभ्यास केला. तिच्या पोळ्यातली राणी आक्रमक नसते. इतर माश्यांना दमदाटी न करता, आपल्या गंधाच्या खुणेने ती आपले स्थान टिकवते. ज्या प्राण्याचे नाव आपण रागीट माणसाला देतो, त्याच्या घरातला कारभार असा शांत असतो.

तिसरी मोठी गांधीलमाशी. हिचे घरटे बंद गोळ्यासारखे किंवा झाडाच्या ढोलीत, जमिनीच्या बिळात, भिंतीच्या पोकळीत दडलेले असते. खरा धोका हिच्यापासून आहे. हिच्यातली एक जात लहान गांधीलमाशीच्या पोळ्यावर धाड घालून अळ्या पळवते. म्हणजे दुसरीलाही तिसरीचे भय आहेच.

आग्या मोहोळ या सर्वांहून निराळे. ती मधमाशी आहे. डंख मारताना मधमाशीची काटेरी नांगी त्वचेत अडकते आणि ती स्वतः मरते. गांधीलमाशीची नांगी तशी अडकत नाही, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते.

ती का डसते?

नांगी फक्त मादीला असते. अंडी घालण्याच्या अवयवाचेच ते बदललेले रूप आहे. फुलावर किंवा गुळाच्या रव्यावर बसलेली एकटी माशी भांडायला आलेली नसते. तिच्या अळ्यांना किड्यांचे भक्ष्य लागते आणि तिला स्वतःला उडण्यासाठी गोड रस लागतो. म्हणून गुळाची वखार, मिठाईचे दुकान आणि फळांची गाडी तिला जवळची वाटते. ती चवताळते ती घरट्याला धक्का बसला की. शिडीचा आवाज, हातोड्याची कंपने, तोंडावर पडणारा श्वास हे सारे तिला शत्रूचे लक्षण वाटते. मोठ्या गांधीलमाशीच्या विषात इशाऱ्याचा गंधही असतो. एक माशी डसली किंवा चिरडली की तो गंध पसरतो आणि बाकीच्या त्याच जागी धाव घेतात. चप्पल मारून पहिली माशी ठेचणारा माणूस त्यामुळे उरलेल्यांना स्वतःच बोलावून घेतो.

धुराचाही आपल्याकडे फार गैरसमज आहे. धूर लागताच मधमाश्या पोटभर मध पिऊन घेतात आणि काहीशा मंदावतात. गांधीलमाशीजवळ मधाचा साठाच नसतो. तिला टेंभ्याने शांत करता येत नाही, फक्त भडकवता येते. त्यात गोणपाट, रॉकेल आणि लाकडी फळ्या असलेल्या गोदामात टेंभा नेणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही माशी उपकारी आहे. पिकांवरच्या असंख्य अळ्या ती उचलून नेते. आपल्या आचाराशीही तिच्या कुळाचे एक जुने नाते आहे. वड, पिंपळ, उंबर यांसारखी पंच उदुंबर फळे श्रावक वर्ज्य मानतो, कारण त्यांत त्रस जीव असतात. ते जीव बव्हंशी गांधीलमाशीच्याच दूरच्या नात्यातल्या अतिसूक्ष्म माश्या होत. उंबराचे परागण त्यांच्यावाचून होत नाही. भिंग हाती नसताना आपल्या पूर्वजांनी त्या फळातले जीवन ओळखले होते.

करणे, करविणे, अनुमोदणे

आपल्या शास्त्रात गांधीलमाशी चतुरिंद्रिय आहे. स्पर्श, रस, घ्राण आणि चक्षू एवढ्या द्वारांनी ती जग जाणते. तिला मारू नये हे कोणाही जैन मुलाला सांगावे लागत नाही. अडचण पुढे येते. आपण स्वतः मारत नाही. आपण माणूस बोलावतो. कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन मार्ग शास्त्राने सांगितले ते नेमके यासाठी. ज्या कामाला आपला हात धजत नाही, ते मजुराच्या हातून करवून घेतल्याने आपला हिशेब कोरा राहत नाही. आमच्या गोदामात तर हिशेब दुहेरी झाला. शेकडो जीव भाजले ते एक आणि आमच्या शब्दाखातर शिडी चढलेला माणूस मरता मरता वाचला ते दुसरे. खातेवहीत रुग्णालयाचा खर्च चढला आणि फिटला. आज्जींच्या प्रश्नाची बाकी मात्र राहिली.

गृहस्थाला सर्वच हिंसा टाळता येत नाही, हेही शास्त्र जाणते. संकल्पी हिंसेचा त्याग तो करतो. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसेत जितके जपता येईल तितके जपतो. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाकडे बोट दाखवले आहे. आमची चूक घरटे हटवावेसे वाटले ही नव्हती. दोन दिवसांच्या घाईपायी आम्ही जाणत्या हमालाचे ऐकले नाही, हा प्रमाद होता.

यतनेने काय करता येईल?

पहिला उपाय पावसाच्या आधीचा. चैत्र-वैशाखात घर, दुकान आणि गोदाम एकदा फिरून पाहावे. बहुतेक पोळी एकट्या-दुकट्या मादीने थोड्याशा खणांनी सुरू केलेली असतात. पत्र्याची फट, रिकामा पाइप, जाळी नसलेला झरोका आधीच बुजवला तर तिला तेथे संसार मांडावाच लागत नाही आणि दिवाळीत टेंभ्याचा प्रश्न उरत नाही. गूळ, साखर व कापलेली फळे झाकून ठेवावीत, कचऱ्याच्या डब्याला झाकण असावे.

दुसरा उपाय अंतर राखण्याचा. पोळे वावराच्या जागेपासून दूर असेल तर ते राहू द्यावे. खाली दोरी बांधावी, पाटी लावावी, मुलांना व कामगारांना दाखवून ठेवावे. वर्षाअखेर अनेक घरटी आपोआप ओस पडतात.

तिसरा उपाय नाइलाजाचा. घरटे दाराशी आहे, घरात दंशाची तीव्र अॅलर्जी असलेले कोणी आहे किंवा शेजारी शाळा आहे, तर ते हटवावे लागेल. तेव्हा या कामाचे शिक्षण घेतलेली, अंगभर संरक्षक पोशाख असलेली माणसेच बोलवावीत. दुकानातल्या नोकराला शिडीवर चढवू नये. त्यात जीव गेले तर ते स्वच्छ मनाने कबूल करावे आणि आलोचनेत सांगावे. "आपण कुठे मारले?" असे म्हणून सुटका करून घेऊ नये.

दंश झालाच तर

हात न हलवता, तोंड झाकून लवकर दूर जावे आणि शक्य तर बंद खोलीत शिरावे. जागा साबणाने धुवावी, कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटे ठेवावा, सूज चढण्याआधी अंगठी व बांगड्या काढाव्यात. लोखंड घासणे, चुना किंवा माती लावणे यांत वेळ घालवू नये.

अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, उलटी होणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले तर तो जिवावरचा प्रसंग समजावा. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण चालवू नये. मांडीत दिले जाणारे अॅड्रेनालिनचे इंजेक्शन यावर खरा उपाय आहे आणि ते मिळण्यात मिनिटांचेही मोल असते. तोंडात किंवा घशात दंश झाला असेल, अथवा दंश पुष्कळ असतील, तर माणूस ठणठणीत वाटला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. लघवीचा रंग पुढचे दोन-तीन दिवस पाहावा. आम्ही हेच केले नाही. रात्र झाली आहे, उपवास आहे, चौविहार आहे, म्हणून सकाळची वाट पाहू नये. पच्चक्खाणातही अशा प्रसंगासाठी आगार ठेवलेला असतो.

आमच्या गोदामाला आता नवा पत्रा आहे आणि प्रत्येक झरोक्याला जाळी आहे. चैत्रात शिडी लागते, दिवाळीत नाही. त्या पाडव्यानंतरच्या पहिल्याच पाक्षिक प्रतिक्रमणाला चुलते आज्जींशेजारी बसले होते. चतुरिंद्रिय जीवांची क्षमा मागून झाल्यावर ते उठले, चप्पल घातली आणि हमालांच्या घरी गेले. तेथे काय बोलणे झाले ते त्यांनी कधी सांगितले नाही. परत आले तेव्हा आज्जींनी त्यांना काही विचारले नाही, फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.