बुद्धिमापन आणि मातृभाषा

वर्गात एखाद्या मुलाला उत्तर देता आले नाही की आपण त्याला चटकन ‘मंद’ ठरवितो. प्रश्न त्याला समजला होता काय, याचा विचार मात्र क्वचितच करतो. बुद्धिमापनाच्या शास्त्रापुढेही हीच अडचण उभी राहिली होती. ती दूर करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मराठी आणि कन्नड मुलांसाठी झाला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवी.

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ यांच्या साहाय्याने 1905 साली पहिली बुद्धिकसोटी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना विशेष शिक्षण द्यावे, हा तिचा हेतू होता. अमेरिकेत टर्मन यांनी 1916 साली तिची सुधारित आवृत्ती काढली. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की बुद्ध्यंक मिळतो. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा असेल, तर त्याचा बुद्ध्यंक 125 होय.

मग या कसोटीचे नुसते भाषांतर का करू नये? टर्मन यांच्या कसोटीत सहाव्या वर्षासाठी अमेरिकन नाणी ओळखावयाची होती, तर नवव्या वर्षासाठी इंग्रजी यमके जुळवावयाची होती. आठव्या वर्षाच्या मुलाने वीसपासून एकपर्यंत उलट आकडे म्हणावयाचे होते. मराठीत ‘एकोणीस’ म्हणजे विसाला एक उणा. कन्नडमधील ‘हत्तोंबत्तु’ मात्र सरळ दहा आणि नऊ. प्रश्न तोच राहिला तरी त्याचा कठीणपणा तोच राहील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्न त्या त्या भाषेच्या मुलांना प्रत्यक्ष विचारून, तो कोणत्या वयाला योग्य आहे हे पुन्हा ठरवावे लागते. यालाच प्रमाणीकरण म्हणतात.

डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात हे परिश्रमाचे काम केले. कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी केलेल्या या आवृत्तीविषयीचा त्यांचा लेख 1934 साली इंग्लंडमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि 1940 साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘मुंबई-कर्नाटक आवृत्ती’ या नावाने ती कसोटी ओळखली जाते.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नव्हे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. तेथील परसवाडा, बैहर या भागांत गोंड व बैगा समाजाची वस्ती आहे. घरी गोंडी किंवा बैगानी बोलणारे मूल शाळेत येते, तेव्हा पुस्तक त्याच्यापुढे हिंदीत उघडते. ते गप्प राहिले तर त्या मौनाचा अर्थ काय लावावा? शब्द ठाऊक नाही, की विचार सुचत नाही? या दोहोंतील भेद जी कसोटी करू शकत नाही, ती बुद्धी मोजत नाही. भाषेचा सराव मोजते.

आपल्यापैकी अनेक विद्यार्थी उद्या शिक्षक होतील. एखाद्या मुलावर ‘मंद’ असा शिक्का मारण्यापूर्वी तोच प्रश्न त्याला त्याच्या घरच्या बोलीत एकदा विचारून पाहावा. कदाचित उत्तर तयारच असेल.