मृत्युपत्र करताना नॉमिनीचाही विचार हवा

नागपुरात मृत्युपत्र करण्यासाठी वकिलाकडे जाणारी ज्येष्ठ मंडळी घराची आणि शेतीची कागदपत्रे आठवणीने नेतात. बँकेतील ठेवी, शेअर्स, म्युच्युअल फंड यांचा विषय निघाला की मात्र ‘तेथे नॉमिनी लावला आहे’ असे सांगून तो संपविला जातो. गफलत नेमकी येथेच होते.

‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११मध्ये मृत्युपत्र केले होते. २०१३मध्ये त्यांच्या निधनानंतर गुंतवणुकीवर हक्क नॉमिनींचा की वारसांचा, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ नॉमिनी असल्याने शेअर्सची मालकी मिळत नाही. वाटणी मृत्युपत्राप्रमाणे व ते नसल्यास वारसा कायद्याप्रमाणेच होईल, असा निर्वाळा न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये दिला. मृत्युपत्र असूनही दहा वर्षे गेली, हे विसरता येणार नाही.

त्यामुळे वकिलाकडे जाताना कोणत्या खात्यावर कोणाचे नाव आहे, याची यादी जवळ असावी. नॉमिनी एक आणि मालकी दुसऱ्याला द्यायची असेल, तर मृत्युपत्रात तसे स्पष्ट लिहावे.

मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्या मात्र अनिवार्य. वाद उद्भवल्यास त्यांपैकी किमान एकाची साक्ष न्यायालयात लागते; म्हणून साक्षीदार समवयस्क मित्रांऐवजी वयाने लहान निवडलेले बरे. मजकूर गुप्त ठेवायचा असल्यास मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते.