आलेख वाचण्याचा तास

२८ फेब्रुवारी २०२८ला रामन परिणामाच्या शोधाला शंभर वर्षं पुरी होतील. भाषणं होतील, प्रदर्शनं लागतील. माझ्या डोक्यातून मात्र परवाची तोंडी परीक्षा जात नाही. इथे शिरपुरातच एम.फार्म.च्या एका मुलाने पॅरासिटामॉलच्या गोळीचा रामन आलेख पुढे ठेवला. सॉफ्टवेअरने जुळणी दिली होती ०.९७. मी ४८० वेव्हनंबरजवळच्या लहानशा शिखरावर बोट ठेवलं. "हे कशाचं रे?" तो म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरने त्याचं नाव दिलं नाही." ते स्टार्चचं होतं, गोळीत मिसळलेल्या.

पाऱ्याचे दिवे, फोटोच्या काचा, १९६०नंतरचा लेसर हा या तंत्राचा सगळा इतिहास पुस्तकात आहे. मी जगलो ते दशक २००५ ते २०१५. यंत्र आमच्याकडे नव्हतं. नमुने मुंबईला जायचे आणि बऱ्याच दिवसांनी दोन रकान्यांची टेक्स्ट फाइल यायची. ती ओरिजिन या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की फ्लुरोसन्सची टेकडी दिसायची. पायथ्याशी एकेक बिंदू ठेवत बेसलाइन ओढायची आणि अमुक बिंदू तिथेच का, हे वहीत लिहायचं. एकच उभी सुई दिसली, तर ती कॉस्मिक किरणाची समजून खोडायची. पण दुसऱ्यांदा मोजून खात्री झाल्यावरच. मग पट्टी लावून मुली सांगायच्या: १६४८ अमाइडच्या कार्बोनिलचं, १६१० बेन्झीनच्या कड्याचं. दुपार निघून जायची, पण रेणू ओळखीचा व्हायचा.

पुढे वरिष्ठांनी स्पेक्ट्रम लायब्ररीचं लायसन्स घेतलं आणि आलेख वाचण्याचा तास वेळापत्रकातून काढला. मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं नाही, तासही परत आला नाही.

सॉफ्टवेअर मला हवंच आहे. हजारो आलेखांतून क्षणात जवळचा शोधणं माणसाचं काम नव्हे. पण जुळणीचा आकडा एवढंच सांगतो, की लायब्ररीत जे आहे त्यात सगळ्यांत जवळचं कोण. पदार्थ तिथे नसला, तरी कुणाचं तरी नाव वर येतंच. आपोआप ओढलेली बेसलाइन अस्फटिक औषधाचा रुंद पट्टाही गिळू शकते. एकाच औषधाच्या दोन स्फटिकरूपांत काही शिखरं दोन-चार वेव्हनंबरनेच सरकलेली असतात. सिलिकॉनच्या ५२०.५ला यंत्र जुळवलेलं नसेल, तर ०.९७चा काय भरवसा? त्या मुलाला मी हेही विचारलं. सिलिकॉन त्याने कधी लावलंच नव्हतं.

पुढच्या सत्रात आठवड्याला एक तास द्या. छापील आलेख, पट्टी, पेन्सिल, लायब्ररी बंद. शिकवायला मी फुकट येईन.